तांदूळ आणि तक्रार

आमच्या घरात एकाच रात्रीच्या दोन हकिकती सांगितल्या जातात. एक आई सांगते, एक मामा.

१९९८ चा ऑक्टोबर. भातकापणी चाललेली. आई तेव्हा रायगडच्या दक्षिण टोकाला एका उपकेंद्रावर एएनएम होती. गावात सगळे नर्सबाई म्हणत. तिन्हीसांजेला एक बाप आपल्या सात वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून धावत आला. भाताचा भारा उचलताना पोराला विंचू चावला होता, लाल विंचू. आईनं अंगाला हात लावला तर पोर घामानं निथळत होतं आणि हातपाय गारढोण. दोनदा उलटी झालेली. लक्षण बरं नाही एवढं तिला कळलं, पण उपकेंद्राच्या कपाटात त्यावर देण्यासारखं काही नव्हतं. गावातल्या एकाचा टेम्पो काढून ते नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. केंद्राला कुलूप. डॉक्टरची जागा रिकामी होती आणि शिपाई दिवस मावळताच घरी गेला होता. टेम्पो तसाच पुढे तालुक्याला, मामाच्या दवाखान्यात नेला. मामानं तो नुकताच टाकला होता. खाली ओपीडी, माडीवर चार खाटा. त्यानं प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्रभर पोराच्या उशाशी बसून दर अर्ध्या तासानं नाडी आणि बीपी बघितलं. पहाटे पोराचे हातपाय गरम झाले. मामानं पैसे घेतले नाहीत.

मामाची हकिकत “सरकारच्या दाराला कुलूप होतं, माझं दार उघडं होतं” इथं संपते. आईची हकिकत त्या कुलपापासून सुरू होते.

यंदा गौरी आल्या त्या दिवशी तो मुलगा आमच्याकडे गणपतीच्या दर्शनाला आला. आता चौतिशीचा आहे, स्वतःची पिकअप चालवतो. बरोबर बायको आणि कडेवर दीड वर्षाची मुलगी. आधी मामाच्या पाया पडला. “डॉक्टर, तुमच्यामुळे आहे मी,” म्हणाला. मग आईजवळ जाऊन बसला आणि त्याचा आवाज बदलला. “नर्सबाई, उपकेंद्रातली सिस्टर दोन महिने नाही. हिचा दीड वर्षाचा डोस राहिलाय. कुणाला तरी सांगा की.” आईला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. तरी तिनं त्या मुलीचं लसीकरणाचं कार्ड मागून घेतलं, चष्मा लावून तारखा बघितल्या आणि कुणाला फोन करायचा ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

ती मंडळी गेली आणि पडवीत भाजी निवडता निवडता दोघं सुरू झाले.

“बघितलंस ताई? सत्तावीस वर्षं झाली. तुझं सरकार आहे तिथंच आहे.”

“माझं सरकार? तू मिरजेला डॉक्टर झालास ते कुणाच्या कॉलेजात? आपल्या अण्णांकडे खासगी कॉलेजचे पैसे होते का रे?”

“नव्हते. ते मी कधी नाकारलं नाही. ते ऋण मी तीन वर्षं पीएचसीत राहून फेडलं. तुला ठाऊक आहे ती तीन वर्षं कशी गेली.”

मला ती ऐकून ठाऊक आहेत. मामा मेडिकल ऑफिसर म्हणून एका पीएचसीत होता. क्वार्टरचं छप्पर गळायचं म्हणून पावसाळ्यात खाट ओपीडीत टाकायचा. औषधांचा इंडेंट भरून पाठवायचा आणि जे यायचं ते घ्यायचं. एकदा त्यानं ओआरएस आणि इंजेक्शनं मागितली, तर खोकल्याच्या औषधाची चार खोकी आली, दोन महिन्यांत मुदत संपणारी. कुटुंबनियोजनाचं टार्गेट त्यानंच पुरं करायचं, पोस्टमॉर्टेम त्यानंच करायचं, तालुक्याच्या मीटिंगला त्यानंच जायचं, आणि तो मीटिंगला गेला की केंद्रात डॉक्टर नाही म्हणून बोंब. पण तो नोकरी सोडून आला तो या कशामुळे नाही.

“एक बाळंतीण गेली,” मामा म्हणाला. “रक्त जात राहिलं. द्यायला रक्त नव्हतं, न्यायला गाडी नव्हती. होती ती चार महिने गॅरेजमध्ये. नातेवाइकांनी गचांडी माझी धरली. बरोबरच होतं त्यांचं, समोर मीच होतो. पण ज्यानं गाडीच्या दुरुस्तीचा कागद दाबून ठेवला, त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सरकारची जबाबदारी, सरकारची जबाबदारी म्हणता तुम्ही. सरकार म्हणजे कोण ताई? ज्याच्या हातात काहीच नाही, पण जो दारात उभा आहे, तो.”

मामाचं हे म्हणणं मला कधीच खोडता आलेलं नाही. सरकारनं आरोग्यसेवा द्यावी की नाही यावर सभागृहात बोलताना आपण ‘सरकार’ हा शब्द असा वापरतो, जणू ते एक माणूस आहे आणि त्याला कर्तव्य सांगता येतं. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानं सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानलंय. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्याच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही. कर्तव्य वरच्या माळ्यावर लिहिलेलं राहतं आणि त्याचा भार जिना उतरत उतरत शेवटच्या पायरीवरच्या माणसावर येऊन पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा, रिकाम्या जागा, खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, सगळ्याची चर्चा झाली. रुग्णालयानं तुटवडा नाकारला. आणि मग एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास साफ करायला लावलं. कॅमेऱ्यासमोर. जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचं ते उत्तर म्हणून साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं.

“म्हणून मी म्हणतो,” मामानं पुढे चालवलं, “सरकारनं पैसा द्यावा. दवाखाना चालवू नये. गरिबाच्या हातात कार्ड द्या, तो जिथं विश्वास आहे तिथं जाईल. मी नीट वागलो नाही तर दुसरीकडे जाईल. पीएचसीवर रागावून माणूस कुठं जाणार?”

“कार्डाचं मला विचारू नको, हिला विचार,” आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी बारा वर्षं पुण्यात आरोग्यविम्याच्या क्लेमचे कागद तपासते. सरकारी योजनांशी माझा थेट संबंध नाही, पण कार्ड म्हणजे काय ते मला कळतं. मामाच्या बाजूनं जे आहे ते आधी सांगते. २०१२ मध्ये राज्यात आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च मिळतो आणि शिधापत्रिकेचा रंग आड येत नाही. या योजनेतून हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, डायलिसिसवर जगणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. वीस वर्षांपूर्वी त्या घरांनी शेत विकलं असतं किंवा माणूस घरी नेला असता. आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा देशात २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या वर होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला असं सरकारचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्याच वर्षी सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानं तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं.

पण मी मामाला जे सांगितलं ते वेगळं होतं. माझ्या टेबलावर जेव्हा एखाद्याला ‘नाही’ म्हटलं जातं, तेव्हा त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आजार आधीपासूनचा होता, खोलीचं भाडं मर्यादेबाहेर गेलं, माणूस चोवीस तास दाखल नव्हता, कागद मुदतीत आला नाही. प्रत्येक ‘नाही’ला कलम असतं आणि कलम बरोबर असतं. करार म्हटला की कुठे तरी ‘इथून पुढे आम्ही नाही’ अशी रेघ ओढावीच लागते. आजार ती रेघ बघून थांबत नाही. मग रेघेपलीकडच्या माणसानं कुणाकडे जायचं? कोणी तरी असं हवं ना, ज्याला ‘नाही’ म्हणायची मुभाच नाही?

आईनं मान हलवली आणि तिच्या पद्धतीनं तेच सांगितलं. “खाटेवर पडल्याशिवाय तुमचं कार्ड चालत नाही. आपल्या वाडीतली म्हातारी बीपीची गोळी विळीवर अर्धी कापते. कापताना चुरा होतो, तो बोटानं टिपून घेते. उपकेंद्रातली गोळी संपली की बाजारातून आणावी लागते, मग एका महिन्याची दोन महिने पुरवायची. त्या गोळीला कार्ड नाही. ती एक दिवस अंगणात पडेल, एक बाजू लुळी होईल, त्या दिवशी पाच लाख धावत येतील.”

“मग गोळीही कार्डावर द्या,” मामा म्हणाला. “मी कुठं नको म्हणतो?”

“द्या ना. पण ती अर्धी कापते हे तुला कोण सांगणार? ती तुझ्याकडे येतच नाही. मी घरात गेले म्हणून मला दिसलं. घरोघर फिरायचे पैसे तुला कुठल्या बिलात लावता येतील? जो आजार झालाच नाही त्याचं बिल कोण फाडणार?”

इथे आईचं पारडं जड आहे असं मला वाटतं आणि ते फक्त ती माझी आई आहे म्हणून नाही. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे निळी खोकी खांद्याला लावून वीटभट्ट्या, पालं, बोटीचे धक्के, एसटी स्टँड फिरलेली माणसं होती. दारावर खडूनं खूण करायची, राहिलेल्या घरी परत जायचं. यातलं काहीही कुणी गिऱ्हाईक म्हणून मागितलं नव्हतं. उलट कित्येक दारांतून त्यांना हाकललं गेलं आणि ती पुन्हा त्याच दारांत गेली. न मागणाऱ्याच्या दारात जाणं, हाकललं तरी परत जाणं, हे बाजाराला करताच येत नाही. त्यात बाजाराचा दोष नाही, ते त्याचं कामच नाही.

मग विषय पुन्हा विंचवाकडे आला. तो नेहमीच येतो.

“तू त्या रात्री दिलेली गोळी,” आई म्हणाली, “कुणाची होती?”

मामाला पुढचं माहीत होतं. “बावस्करांची. पण ताई, हिंमतराव बावस्कर एक. त्यांच्यासारखा माणूस सरकार घडवत नाही, तो असावा लागतो.”

“माणूस असावा लागतो, कबूल. पण तो होता कुठं?”

तो होता बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात, महाडजवळ. १९७६ मध्ये डॉ. बावस्कर तिथे रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, फुफ्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात. मोठ्या शहरांतल्या पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं, कारण मोठ्या शहरांत विंचू चावत नव्हता. बावस्कर रुग्णाशेजारी बसून राहिले. घाम कधी सुटतो, नाडी कधी बदलते, हृदय कधी थकतं, याच्या नोंदी करत गेले. १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ती लक्षणं छापून आली. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी या विषाच्या परिणामांवर लागू पडते हे त्यांनी दाखवलं आणि १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये आलं. शंभरातले तीस-चाळीस दगावत, तिथे हे प्रमाण एक-दोनांवर आलं. आज लाल विंचवाच्या दंशावर ही गोळी देतात.

“आता मला सांग,” आईनं शेंगेचा देठ मोडला. “ही माणसं होती कोण? भात कापणारी, लाकडं फोडणारी, अनवाणी. खिशात काही नसलेली. ती बिरवाडीच्या दवाखान्यात का आली? तिथं पैसे लागत नव्हते म्हणून. पैसे लागले असते तर ती भगताकडे गेली असती, घरी मेली असती आणि त्यांचा आजार कुठल्याच डॉक्टरनं बघितला नसता. बावस्कर कितीही हुशार असते तरी बघणार काय? ते दार उघडं होतं म्हणून आजार दिसला. आजार दिसला म्हणून गोळी सापडली. मग ती गोळी तुझ्या कपाटात आली. तू जे दार उघडं ठेवलंस ना भाऊ, त्याची बिजागरी सरकारी आहे.”

मामा बराच वेळ काही बोलला नाही. तो हरला होता असं नाही. वाद हा त्याच्यासाठी जिंकण्याचा खेळ नाही. तीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या माणसाच्या पोटात जे साठलेलं असतं ते त्याला बाहेर काढायचं होतं.

“एक सांगू?” तो म्हणाला. “माझ्या हातून चूक झाली तर माझ्यावर ग्राहक न्यायालयात दावा लागतो. १९९५ च्या निकालापासून. मला ते आवडत नाही, पण मी त्या भीतीनं नीट नोंदी ठेवतो, हे खरं आहे. त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं काय म्हटलंय माहीत आहे? जिथं सगळ्यांना सेवा फुकट मिळते त्या दवाखान्यातला रुग्ण ग्राहक नाही. तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकत नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याला जाब विचारता येतो, फुकट घेणाऱ्याला नाही. मग गरिबाला फुकटाच्या दारात ढकलणं म्हणजे ज्या दारात त्याला आवाज नाही तिथं ढकलणं. आणि ऑगस्ट २०२३ पासून तर आपल्या राज्यानं आरोग्य विभागाच्या दवाखान्यातला केसपेपरसुद्धा फुकट केला. दहा रुपये घेत होते तेव्हा निदान पावती तरी हातात होती.”

हा मुद्दा मी पूर्वी कुणाकडून ऐकला नव्हता. त्याच निकालात असंही आहे की लोक कर भरतात म्हणजे त्यांनी त्या उपचाराचे पैसे मोजले असं होत नाही. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल. माझ्या मनात ते बसत नाही. वाडीतली म्हातारी साबणाच्या वडीवर कर भरते, तिचा नातू मोबाइलच्या रिचार्जवर अठरा टक्के भरतो. मग तिला मिळालेली गोळी फुकट कशी?

आईलाही राग आला तो त्याच शब्दाचा. “फुकट म्हणूच नका. मी छत्तीस वर्षं नोकरी केली, एकाही बाईला मी फुकट टोचलं नाही. तिचंच तिला दिलं. फुकट म्हटलं की देणारा वर चढतो. मग तो औषध संपलं हे सांगतानाही उपकार केल्यासारखा सांगतो. तुमच्या कोर्टानं दुसरं एक सांगितलंय ते पण सांग ना.”

ती १९९६ च्या निकालाबद्दल बोलत होती. प्रशिक्षणात कुणी तरी तो सांगितला होता आणि तिनं तो पाठ केल्यासारखा जपलाय. बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार खर्चून तो जगला. शेतमजुरांची समिती सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, जीव वाचवणारा उपचार वेळेवर न देणं म्हणजे सरकारनं त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग करणं. पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली.

“निकाल चांगला आहे,” मामा म्हणाला. “पण पैसे नाहीत हे कारण चालणार नाही म्हटल्यानं पैसे येत नाहीत. मग सरकार काय करतं? कायदा करतं आणि आमच्या गळ्यात बांधतं. २०२३ मध्ये राजस्थाननं आरोग्य हक्काचा कायदा केला. तातडीचा रुग्ण कुणीही नाकारायचा नाही, आधी पैसे मागायचे नाहीत. तत्त्व म्हणून कोण विरोध करेल? पण बिल कोण देणार, कधी देणार, हे धड सांगितलंच नव्हतं. डॉक्टर रस्त्यावर उतरले तर सगळ्यांनी त्यांना पैशाचे लोभी म्हटलं. हक्क द्यायचा सरकारनं, टाळ्या घ्यायच्या सरकारनं, आणि निभवायचा माझ्या नर्सच्या पगारातून.”

“सगळे तुझ्यासारखे नसतात रे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं बाहेर आलं ना? तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या. पाळी नको, कामाला खाडा नको, मुकादमाचा दंड नको, म्हणून. बहुतेक ऑपरेशनं खासगीतच झाली.”

“मी असलं कधी केलेलं नाही.”

“तेच म्हणते मी. तू केलं नाहीस. दुसऱ्यानं केलं. त्या बाईच्या नशिबात तू आलास की तो, यावर तिचं शरीर अवलंबून.”

मामाला हे लागलं. तो धर्मादाय रुग्णालयांवर घसरला; सवलतीत जमीन घेतात, करमाफी घेतात, त्या बदल्यात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, असं बंधन आहे, आणि तरी लोकांना ते माहीतही नसतं. त्यावर दोघांचं लगेच एकमत झालं, त्यामुळे ते फार चाललं नाही. तमिळनाडूचंही निघालं. तिथं १९९४ मध्ये औषधखरेदीचं सरकारी महामंडळ निघालं, गोदामात काय आहे नि काय संपत आलंय याचा हिशेब संगणकावर बघून औषध जातं. महाराष्ट्रानं तशा धर्तीचं प्राधिकरण करायचा कायदा केला तो २०२३ मध्ये. “म्हणजे सरकारला जमतं,” आई म्हणाली. “तिथल्या सरकारला,” मामा म्हणाला.

चहा झाला. अंधारून आलं होतं, पडवीतला दिवा लावला. मामानं निवडलेल्या भाजीचं ताट बाजूला सरकवलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, “ताई, पण त्या रात्री मी पैसे घेतले नाहीत. आजही रात्री दोनला असा कुणी आला तर मी डिपॉझिट मागत नाही. माझ्यासारखे तालुक्या-तालुक्यात आहेत. हे काहीच नाही का?”

“फार आहे. तू माझा भाऊ आहेस याचा मला अभिमान आहे. पण त्या पोराच्या बापाचं मला तुला कधी सांगायचं राहिलं.”

“तो आला होता की. आठवड्यानं. अर्धं पोतं तांदूळ घेऊन, नवा तांदूळ. नको म्हटलं तरी ओटीवर ठेवून गेला. किती तरी वर्षं दर दिवाळीला आणायचा.”

“हो. तुझ्याकडे तांदूळ घेऊन आला. माझ्याकडे त्याच दिवशी आला तो भांडायला. दारात उभा राहून ओरडला. नर्सबाई, केंद्राला कुलूप का होतं? माझं पोर मेलं असतं तर? मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. तो पाणी पिऊन पुन्हा ओरडला.”

“तुझा काय दोष त्यात? तूच तर टेम्पो काढलास.”

“दोष नव्हता. पण त्याला वाटलं मला विचारता येतं. तुला विचारता आलं नसतं ना? उद्या तू म्हणाला असतास, आज दवाखाना बंद आहे, तर तो हात जोडून परत गेला असता. तुझ्यापुढे तो वाकला. माझ्यापुढे ताठ उभा राहिला. खूप लागलं मला त्या दिवशी, रडले पण. मग रात्री विचार केला की बरोबर आहे त्याचं. त्याचं होतं ते केंद्र. त्याच्याच दाराला कुणी तरी कुलूप लावलं होतं.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं. अर्ज लिहिला, जिल्हा परिषदेला आणि तहसीलला. अंगठा त्याचा, अक्षर माझं.”

मामा बघत राहिला. “तू? नोकरीत असताना? आपल्याच केंद्राविरुद्ध? म्हणून तुझी पुढच्या वर्षी बदली झाली होती, त्या डोंगरातल्या—”

“कशानं झाली ते मला कुणी सांगितलं नाही.”

“आणि डॉक्टर आला?”

“सात महिन्यांनी,” आई म्हणाली आणि कॅलेंडरवर लिहिलेला नंबर बघायला उठली. “पण आला.”